महागाई ०.२५ टक्के? मग माझं भाडं कुठल्या देशात वाढलं?

कासारवडवलीचा भाडेकरू
सोसायटीच्या ग्रुपवर एका निवृत्त काकांनी काल टाकलंय: "ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई ०.२५ टक्के! २०१२ ला पाया धरून मोजतात त्या मालिकेतला नीचांक. आता तरी रडगाणं बंद करा. शेअर-रोख्यांच्या बाजारातली माणसं डोळ्यात तेल घालून हे आकडे बघतात ते काय उगाच?" तिथे उत्तर दिलं तर ॲडमिन उचलून बाहेर टाकेल, म्हणून इथे लिहितोय.

काका, गेल्याच महिन्यात करार नवा केला. २२ हजारांचे २४,२०० झाले. वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, तेही ज्या घरात मी तीन वर्षं राहतोच आहे ते 'दाखवल्याबद्दल'. मुलीच्या स्कूलबसचे वाढले ते वेगळेच. आणि तुम्ही मला भेंडीचा भाव सांगता. खाद्यपदार्थ वर्षभरापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी उतरले, महागाईच्या या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळजवळ ४६ टक्के, म्हणून आकडा आपटला. माझ्या पगारातले ४६ टक्के भाजीत गेले असते तर घोडबंदर रोडला राहायची ऐपतच नसती.

बाजाराचं कौतुक तर नकोच. २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी कोसळला, आणि त्याच तीन महिन्यांत सेन्सेक्स वर चढत होता.

ऐरोलीकर
अर्धं बरोबर, अर्धा नुसता संताप. मी रोख्यांच्या डेस्कवर आहे, म्हणजे सरकार कर्ज उभारायला जे रोखे काढतं त्यांची खरेदी-विक्री. महागाईचा आकडा दुपारी ४ ला येतो. शेअर बाजार साडेतीनला मिटलेला असतो, पण सरकारी रोखे ५ पर्यंत चालू. त्या तासात आमच्याकडे कोणी चहालाही उठत नाही. तुमचं भाडं आम्ही बघत नाही, रिझर्व्ह बँक काय करेल ते बघतो. २०१६ पासून तिच्यापुढे ४ टक्के महागाईचं लक्ष्य आहे, २ खाली, २ वर, म्हणजे २ ते ६ चा पट्टा. आकडा पट्ट्याबाहेर गेला की व्याजदर हलण्याची कुजबुज सुरू, आणि दर उतरले की हातातल्या जुन्या रोख्यांची किंमत चढते, दर चढले की पडते. ४ मे २०२२ आठवतोय? वेळापत्रकात बैठक नसताना रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ०.४० टक्क्याने वाढवला, सेन्सेक्स त्या दिवशी १,३०० अंकांनी पडला.

त्यातही आकडा किती यापेक्षा अंदाज किती चुकला हे महत्त्वाचं. महागाई वर्षापूर्वीच्या त्याच महिन्याशी तुलना करून मोजतात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरला ती ६.२१ होती. एवढ्या उंच माणसाशेजारी उभं केल्यावर यंदाचा आकडा बुटकाच दिसणार, हा अंदाज होताच. आणि जीडीपी येतो तिमाही संपून दोन महिने झाल्यावर. २०२० चा तो आकडा ऑगस्टच्या शेवटी आला, तोवर आमच्या लेखी ती रद्दी होती.

नौपाड्याची काकू
डेस्कवरच्या भाऊ, फेब्रुवारीपासून रेपो एक टक्क्याने उतरला. माझ्या एफडीचं नूतनीकरण झालं तेव्हा बँकेतल्या मुलीने नवा दर चक्क कागदावर लिहून पुढे सरकवला, तोंडाने सांगायला तिलाच लाज वाटली असावी. गुडघ्याच्या गोळ्या काही उतरल्या नाहीत. तुमचे रोखे वधारले, पेढे कधी वाटताय?

वाशी मार्केट, कांदा-बटाटा
भेंडी, कांदा स्वस्त म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी पहाटे गाळ्यावर यावं. ट्रकभाडं सुटेना म्हणून शेतकरी आडत्यालाच विचारतो, आता काय करू? भाव पडला की "महागाई आटोक्यात". भाव चढला की? ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, उठवली ४ मे २०२४ ला. तुमचा तो निर्देशांक आमच्या गोणीवर बसून खाली येतो.

कासारवडवलीचा भाडेकरू
दादा, लाखाचं बोललात. पण ऐरोलीकर भाड्यावर मूग गिळून बसलेत.

ऐरोलीकर
बसलो नाही. घरांचं वजन या मालिकेतल्या देशभराच्या निर्देशांकात १० टक्के, फक्त शहरी निर्देशांकात पावणेबावीसच्या आसपास. या मालिकेसाठी भाडं सहा-सहा महिन्यांनी विचारतात आणि त्यात सरकारी क्वार्टर्सही धरतात, तेही घरभाडं भत्त्याच्या हिशेबाने. सातव्या वेतन आयोगाने सरकारी नोकरांचा तो भत्ता वाढवला तेव्हा खऱ्या भाड्यात फरक नसताना आकडा फुगला होता. तेव्हा भाड्यापुरतं तुमचं खरं. फ्रेम करून लावा.

मानपाड्याचा घरमालक
घरमालकाला शिव्या घालणं फुकट आहे म्हणून चाललंय सगळं. मेंटेनन्स वाढला, मालमत्ता कर मी भरतो, आधीच्या भाडेकरूने किचनचा ओटा फोडून ठेवला. दहा टक्के वाढ करारात लिहिलेली असते, सही करताना डोळे मिटले होते का?

कासारवडवलीचा भाडेकरू
सही करताना डोळे उघडेच होते, पर्याय नव्हता. आधीच्या मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे १८ हजार कापले, आणि पुढचा भाडेकरू त्याच मळक्या भिंतीत राहायला आला. मी स्वतः जाऊन बघितलं. यावर बोला.

मानपाड्याचा घरमालक
तो मी नव्हे. आणि घर एवढंच जाचत असेल तर टिटवाळ्याला जा, भाडी कमी आहेत.

नौपाड्याची काकू
अहो, ही काय भाषा झाली? त्याची मुलगी इथल्या शाळेत आहे. आम्ही आलो तेव्हा पागडी होती, तरी कोणी कोणाला गाव सोडायला सांगत नव्हतं.

मानपाड्याचा घरमालक
बरं, ते टिटवाळ्याचं मागे घेतो. पण मीही कर्जावर घर घेतलंय. २०१९ नंतरचं, रेपोला जोडलेलं, म्हणजे रेपो उतरला की माझं व्याजही उतरतं. ५ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेचं पतधोरण आहे, ०.२५ चा हा आकडा बघून पाव टक्का तरी उतरवतील अशी देवाकडे प्रार्थना करतोय.

कासारवडवलीचा भाडेकरू
म्हणजे मी ज्याला खोटा म्हणतोय त्याच आकड्याने तुमचा हप्ता कमी होणार. मग भाडंही उतरवाल ना?

मानपाड्याचा घरमालक
भाड्याचा काय संबंध? हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करून घेणार.

नौपाड्याची काकू
आणि माझी एफडी मार्चमध्ये परत संपतेय.