‘क्वालिफाइड प्रिव्हिलेज’ला मराठीत काय म्हणावं?

मुलुंड : सोसायटीच्या हिशेबाबद्दल आईने उपनिबंधकांकडे लेखी तक्रार केली, तर सेक्रेटरींनी तिला अब्रुनुकसानीची नोटीस पाठवली. आमच्या वकिलांच्या इंग्रजी उत्तरात ‘क्वालिफाइड प्रिव्हिलेज’ असं आहे. फोनने त्याचं ‘पात्र विशेषाधिकार’ केलं. आई म्हणाली, “मला कसले आलेत विशेष अधिकार?” तिला समजेल असा शब्द हवाय.

गिरगाव : ‘पात्र’ नकोच. इथे क्वालिफाइड म्हणजे अट घातलेला. ‘सशर्त विशेषाधिकार’ म्हणा.

फोर्ट : मी वकिली करते. ‘सशर्त’ पटलं, पण आईंची शंका रास्त आहे. ‘विशेषाधिकार’ म्हटलं की आमदार आणि हक्कभंग डोळ्यांपुढे येतात. सभागृहातल्या बोलण्याबद्दल आमदारावर खटला भरता येत नाही, ते अनुच्छेद १९४ चं संरक्षण बिनअटीचं. आईंचं संरक्षण त्या कोण आहेत यावरून ठरत नाही, प्रसंगावरून ठरतं. सांगणाऱ्याचं ते कर्तव्य किंवा हित असावं आणि ऐकणाऱ्याचाही त्या विषयाशी तसाच संबंध असावा. हिशेबाबद्दलचं तेच वाक्य उपनिबंधकांना लिहिलं तर संरक्षण मागता येतं, चारचौघांत फिरणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर अवघड होतं. म्हणून मी ‘सशर्त संरक्षण’ लिहीन.

आता अट. दिवाणी दाव्यातलं हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यातून आलं. तिथे द्वेषबुद्धी सिद्ध झाली की संरक्षण जातं. फौजदारीत दंड संहितेच्या कलम ४९९ चे दहा अपवाद होते, ते १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहेत. आठवा अपवाद आईंच्या कामाचा : कायदेशीर अधिकार असलेल्याकडे सद्भावपूर्वक केलेला आरोप. ‘सद्भाव’ या शब्दाने मात्र पुष्कळ लोक फसतात. आपण त्याचा अर्थ मनाचा चांगुलपणा एवढाच घेतो. फौजदारी कायदा म्हणतो, योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाची नव्हेच. मन साफ असून भागत नाही, कागदही तपासलेले लागतात.

दादर : टिळक-आगरकर आठवले. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या प्रकरणात ज्या पत्रांवर विसंबून लिहिलं ती बनावट निघाली, आणि १८८२ साली दोघांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या तळमळीबद्दल मला तरी कधी शंका आली नाही.

शब्दाचं म्हणाल तर ‘सशर्त अभय’ कसा वाटतो? जुना आणि आपला आहे.

फोर्ट : शब्द देखणा आहे, पण हल्ली ‘अभय योजना’ म्हणजे थकबाकीदाराला दंडात सवलत. आईंनी चूक कबूल केल्यासारखं वाटेल.

मुलुंड : ‘सशर्त संरक्षण’च वाचून दाखवलं, ‘सद्भाव’चा अर्थही सांगितला. तक्रारीला जोडलेल्या ताळेबंदाची प्रत काढून ती आता आकडे पुन्हा पडताळते आहे.