मुदतीआधी संपणारे काचबिंदूचे थेंब आणि रिफिल

प्रश्न :
अमेरिकेत आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाईंना काचबिंदू असून लॅटानोप्रॉस्टचे थेंब रोज रात्री दोन्ही डोळ्यांत घालावे लागतात. हात थरथरत असल्याने एखादा थेंब गालावर ओघळतो, मग दुसरा घालावा लागतो आणि बाटली तीन आठवड्यांतच संपते. फार्मसीत मात्र ‘रिफिलची (त्याच चिठ्ठीवर औषध पुन्हा घेण्याची) तारीख आलेली नाही, विमा मंजुरी देत नाही’ एवढेच सांगतात. औषधांचा विमा मेडिकेअर पार्ट डीचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या औषधांच्या भागाचा आहे. मधले दिवस थेंबांविना काढावेत का?

प्रतिसाद १ :
अजिबात काढू नयेत; खंड पडला की डोळ्यातला दाब पुन्हा वाढू लागतो. डोळ्याच्या थेंबांची नासाडी होणारच हे ओळखून मेडिकेअरच्या यंत्रणेने २०१० मध्येच पार्ट डीच्या योजनांना, अपेक्षित दिवसांपैकी ७० टक्के उलटल्यावर रिफिल द्यावे असे मार्गदर्शन केले होते. म्हणजे ३० दिवसांच्या औषधासाठी २१ वा दिवस. अनेक राज्यांचे कायदेही हेच प्रमाण धरतात, परंतु पार्ट डी केंद्राच्या अखत्यारीत असल्यामुळे तुम्ही राज्याच्या कायद्यावर बोट न ठेवता थेट योजनेच्या ग्राहक सेवेला फोन करून हा ७० टक्क्यांचा मुद्दा मांडावा.

प्रतिसाद २ :
मी फार्मसीत काम करते. आधी लेबल नीट वाचा. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत, मिलिलिटरला २० थेंब या हिशेबाने, ५० थेंब धरले जातात. रोज दोन म्हणजे २५ दिवस. पण चिठ्ठीत ‘दोन्ही डोळ्यांत’ हे शब्द राहून गेले असतील, तर संगणक तीच बाटली ५० दिवसांची धरतो आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी नकारच येतो. (काउंटरवरच्या व्यक्तीवर चिडून उपयोग नसतो, तिच्या पडद्यावर फक्त तारीख दिसते.) तसे असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्त चिठ्ठी मागवा, नसेल, तर हाताच्या कंपाचा उल्लेख करून महिन्याला जास्त प्रमाण लिहून देण्याची विनंती करा.

प्रतिसाद ३ :
वरील सल्ल्याला एक जोड. थेंब डोळ्यात पडला आहे की नाही हे कळत नसेल, तर बाटली फ्रिजमध्ये ठेवून पाहा. गार थेंबाचा स्पर्श लगेच जाणवतो आणि खात्रीसाठी दुसरा घालावा लागत नाही. उघडलेली लॅटानोप्रॉस्टची बाटली मात्र सहा आठवड्यांपलीकडे वापरू नये.