मित्रांना पोकर टुर्नामेंटच्या बाय-इनचे (प्रवेश फीचे) हिस्से विकायचे आहेत, भाव आणि अटी कशा ठेवू?

कुडाळचा_एक्का
पुढच्या महिन्यात पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर टुर्नामेंट आहे. बाय-इन ३५,०००, एक रीएन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा बाय-इन भरून खेळणं) चालते. मी हौशी खेळाडू. आधारवर पत्ता कुडाळचा, म्हणजे गोव्याबाहेरचा, वय २१ च्या वर, त्यामुळे प्रवेशाची अडचण नाही. १७,५०० माझे घालतो. बाकीचे १७,५०० म्हापसा-फोंड्याच्या मित्रांकडून ५-५ टक्क्यांचे दहा हिस्से करून उभे करायचे आहेत, बक्षीस आलं तर त्यातले तेवढेच टक्के त्यांचे. पोकर त्यांतल्या दोघांनाच कळतो. मार्कअप १.१ लावला (म्हणजे हिस्सा मूळ किमतीच्या १.१ पटीला विकला) तर चालेल का? वाटप टीडीएसच्या आधी की नंतर?

मांडवीपार
मार्कअप लावूच नकोस. ज्याच्याकडे शे-दोनशे लाइव्ह टुर्नामेंटांचा लिहून ठेवलेला हिशेब आहे त्याने १.१ मागावा. बाकीच्यांनी मागणं म्हणजे पीक यायच्या आधीच दलाली.

वाटप व्हावं ते कर वजा होऊन उरलेल्या रकमेचं. टीडीएस ३० टक्के, शिवाय रिटर्न भरताना त्या करावर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२. यात बाय-इन वजा होत नाही, आधी हरलेल्या टुर्नामेंटाही नाहीत. मित्रांची तोंडं वाकडी होतात ती इथेच. समज, तू तळाच्या बक्षिसात आलास, ५५,०००. कर १७,१६०, उरले ३७,८४०. ५ टक्क्यांचे झाले १,८९२. मित्राने १,७५० दिले असतील तर त्याला १४२ रुपये सुटले. तोच हिस्सा १.१ ने १,९२५ ला विकला असशील तर तू बक्षिसात येऊनही त्याचे ३३ रुपये गेले! गटावर फोटो मात्र ५५,००० चा. हे आकडे पैसे घ्यायच्या आधीच दाखव.

सगळं बक्षीस तुझ्या पॅनवर दिसणार, त्यामुळे मित्रांच्या वाट्याचा करही तिथेच कापला जातो. पैसे घेताना आणि देताना यूपीआयच, शेऱ्यात टुर्नामेंटचं नाव आणि टक्के. रोख नको. रक्कम मोठी आली तर वाटायच्या आधी सीएला विचार.

फोल्ड_केलेला_माणूस
मार्कअपपेक्षा रीएन्ट्रीवरून जास्त वाजतं. दुपारी तीनला बाद झालास, खुर्ची रिकामी, नोंदणी अजून उघडी. त्या वेळी दहा जणांना फोन करून परवानगी मागणार आहेस का? आधीच ठरव. मित्रांचे पैसे पहिल्या एन्ट्रीपुरते, आणि दुसरी तू स्वतःच्या खिशातून केलीस तर तिच्यात त्यांचा वाटा नाही, हे सगळ्यांत सरळ. दोन्ही एन्ट्रींत वाटा द्यायचा असेल तर हिस्सा ३,५०० चा होतो. तो आधी गोळा कर आणि रीएन्ट्री झालीच नाही तर अर्धे त्याच रात्री परत. मग मात्र त्यांना हेही सांग की दोन एन्ट्री झाल्यावर तळाचं बक्षीस आलं तर ३,५०० चे १,८९२ होतात.

बाकी पटापट: फायनल टेबलवर उरलेल्यांनी बक्षीस आपसांत वाटून घ्यायचा प्रस्ताव आला तर निर्णय एकट्या तुझा. बस, खोली, जेवण तुझ्या खर्चाने. खेळलाच नाहीस तर पूर्ण परतावा. दुसऱ्या खेळाडूशी टक्क्यांची अदलाबदल (त्याच्या बक्षिसातले काही टक्के तुला, तुझ्यातले त्याला) करायची असेल तर ती तुझ्या ५० टक्क्यांतून.

गोवावेस_सीट_नंबर_६
दोन गोष्टी राहिल्या. १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे, त्यामुळे तुझे हिस्सेदार टेबलाजवळ येऊन बघू शकणार नाहीत. त्यांना जे कळेल ते तुझ्याकडूनच. दर ब्रेकला चिप्स आणि ब्लाइंड (दर डावाला दोघांना लावाव्याच लागणाऱ्या चिप्स, एक लहान रक्कम आणि एक मोठी म्हणजे बिग ब्लाइंड) दोन्ही टाक. 'साठ हजार चिप्स आहेत' ऐकून पोकर न कळणारा माणूस खूश होतो. ब्लाइंड १,०००/२,००० असतील तर ते फक्त ३० बिग ब्लाइंड. बाद झालास तर तोही निरोप लगेच, सकाळी नव्हे.

दुसरं, कागद. करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार निरर्थक ठरवतं. पोकर पैज की कौशल्य यावर न्यायालयांचंच एकमत नाही: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार म्हटलं, अलाहाबादने २०२४ मध्ये कौशल्य. तेव्हा स्टॅम्प पेपरवर खर्च करू नकोस. गटावरचा एक मेसेज आणि प्रत्येकाचं 'मान्य' पुरे. आणि त्यात 'उसने' हा शब्द येऊ देऊ नकोस, नाहीतर हरल्यावर कोणीतरी परत मागेल आणि त्याचं चुकलेलंही नसेल.

कुडाळचा_एक्का
मार्कअप काढला. मेसेज असा टाकतो:

"बाय-इन ३५,०००. ५ टक्के = १,७५०, फक्त पहिली एन्ट्री. बहुतेक वेळा हे पैसे पूर्ण जातात. ते उसने नाहीत. बक्षीस आलं तर ३१.२ टक्के कर वजा करून तुमचे टक्के, पैसे माझ्या खात्यात आल्यापासून सात दिवसांत. खेळलो नाही तर सगळे परत. मान्य असेल तर लिहा."

सॅटेलाइट (कमी फीची, या टुर्नामेंटची सीट जिंकून देणारी टुर्नामेंट) आधी खेळून बघू का?

मांडवीपार
ऑनलाइन सॅटेलाइटचा विचार सोड, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झालेत. बोटीवरच सॅटेलाइट असेल तर खेळ, पण हिस्से विकायच्या आधी. ५,००० त सीट मिळवून मित्रांकडून ३५,००० च्या भावाने पैसे घेतलेस तर तो मार्कअपच झाला. घ्यायचेच असतील तर मेसेजमध्ये सीट कितीला पडली ते लिही.