विषय: ड्रायरचा चार पिनांचा प्लग आणि भिंतीत तीन छिद्रांचे सॉकेट

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही न्यू जर्सीतच १९७८ साली बांधलेल्या घरात राहायला आलो. सोबत आणलेल्या इलेक्ट्रिक ड्रायरच्या वायरीला चार पिनांचा प्लग होता आणि इथल्या भिंतीत तीन छिद्रांचे सॉकेट निघाले, म्हणून यजमानांनी दुकानातून तीन पिनांची वायर आणून बसवली. ड्रायर चालतो, कपडेही वाळतात. मात्र एक हात ड्रायरवर आणि दुसरा शेजारच्या वॉशिंग मशीनवर ठेवला की बोटांना झिणझिण्या येतात. मागचे झाकण उघडून काढलेला टर्मिनलचा फोटो सोबत जोडला आहे. याकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

आपली,
एक नवीन सभासद

*

सौ. वहिनींस स. न. वि. वि.,

मुळीच चालणार नाही. पॅनलमधला ड्रायरचा दुहेरी ब्रेकर आधी बंद करावा, प्लग काढून ठेवावा आणि तोवर कपडे दोरीवर वाळत घालावेत. शेजाऱ्यांनी नाके मुरडली तरी हरकत नाही.

भारतात घरात एक फेज आणि एक न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट येतात. इथे घरात दोन फेजच्या वायरी येतात. त्यांच्यात परस्परांत २४० व्होल्ट असतात आणि प्रत्येकीत व न्यूट्रलमध्ये १२०. ड्रायरचा हीटर २४० व्होल्टवर तापतो, परंतु ड्रम फिरवणारी मोटर बहुतेक यंत्रांत १२० व्होल्टवर चालते आणि तिचा प्रवाह न्यूट्रलमधून परत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी विजेच्या शेगड्यांना वेगळी अर्थची वायर न देता त्यांचा पत्रा न्यूट्रललाच जोडण्याची मुभा देण्यात आली. ती पुढे ड्रायरलाही मिळाली आणि १९९६च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने नव्या सर्किटांपुरती काढून घेतली. जुन्या सर्किटांना ती अजून आहे, म्हणून तुमच्या भिंतीत तीन छिद्रे आहेत.

आता फोटो. मधले टर्मिनल न्यूट्रलचे असते, आणि तिथून ड्रायरच्या पत्र्यापर्यंत धातूची एक लहानशी पट्टी जाते. काही यंत्रांत पट्टीऐवजी वायर असते. चार पिनांच्या वायरीत अर्थ स्वतंत्र असल्यामुळे हा जोड काढावाच लागतो आणि आधीच्या घरी तो रीतसर काढलेला दिसतो. तीन पिनांची वायर बसवताना मात्र तो परत करायचा असतो. फोटोत पट्टी नाही आणि अर्थचा हिरवा स्क्रू रिकामा आहे, म्हणजे आज तुमच्या ड्रायरला अर्थिंगच नाही. आतून झिरपणारा अल्पसा प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थिंग असलेल्या वॉशिंग मशीनकडे तुमच्या हातांतून वाट काढतो. उद्या आतली एखादी फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, तर ब्रेकर ट्रिप होणार नाही आणि हात लावणाऱ्याला १२० व्होल्टचा शॉक बसेल.

पट्टी लावली की झिणझिण्या थांबतील, पण मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. तीन वायरींच्या जोडणीत न्यूट्रल कुठे तुटली, तर मोटरमधून आलेल्या प्रवाहाला परतीचा मार्ग उरत नाही आणि त्याच पट्टीवाटे पत्रा जिवंत होतो. चार छिद्रांचे सॉकेट, ३० अँपिअरचा दुहेरी ब्रेकर आणि तांब्याची १० गेजची केबल हा खरा उपाय आहे. काळी आणि लाल फेज, पांढरी न्यूट्रल, उघडी किंवा हिरवी अर्थ. न्यूट्रल आणि अर्थ मुख्य पॅनलमध्येच एकत्र येतात, त्यापुढे कुठेही नाही. म्हणून तेव्हा पट्टी पुन्हा काढावी लागेल.

रंगांबाबत विशेष सावध राहावे. ठाण्याच्या कारखान्यात बावीस वर्षे काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे माझ्या हातात इतके मुरले होते, की इथला पहिला बोर्ड उघडल्यावर काळी वायर मी निर्धास्तपणे पकडणार होतो. टेस्टर आधी लावण्याच्या सवयीने वाचलो. हे काम यजमानांनी करू नये, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आपला,
एक जुना सभासद

*

नमस्कार,

एवढा खर्च कशाला? आमच्याकडे ड्रायरच्या पत्र्यापासून थंड पाण्याच्या पाइपला एक वायर बांधली आहे. दहा वर्षांत काही झालेले नाही.

*

नमस्कार,

पाइपचा एखादा तुकडा कधी प्लास्टिकचा बदलला गेला की तुमचे अर्थिंग तिथेच संपते, आणि ड्रायरमध्ये दोष आला तर अलीकडचा सगळा पाइप, नळांसकट, जिवंत होतो. ती वायर आजच काढावी आणि रीतसर अर्थिंग होईपर्यंत ड्रायर वापरू नये. गॅसच्या पाइपला तर कधीही जोडू नये.

*

सप्रेम नमस्कार,

काल इलेक्ट्रिशियन येऊन गेले. सॉकेट काढल्यावर मागे काळी, लाल, पांढरी आणि चौथी एक उघडी वायर निघाली. कोणीतरी ती दुमडून डब्यात कोंबून ठेवली होती. पॅनलमध्ये ती अर्थच्या पट्टीला जोडलेली असल्याची त्यांनी खात्री केली, त्यामुळे नवी केबल ओढावी लागली नाही. चार छिद्रांचे सॉकेट बसले आणि ड्रायरला आमची मूळ चार पिनांची वायर परत लागली. मीटरवर दोन फेजमध्ये २४०, प्रत्येक फेज आणि अर्थमध्ये १२०, आणि ड्रायरच्या व वॉशिंग मशीनच्या पत्र्यांमध्ये शून्य आले.

पट्टी परत लावून थांबू नका असे आपण लिहिले होते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम कळवते. जुन्या सॉकेटवरचा पांढऱ्या वायरीचा स्क्रू सैल होता आणि त्याभोवतीचे प्लास्टिक जळून तपकिरी झाले होते.