मदत हवी आहे: सक्सिनेट डिहायड्रोजनेजच्या प्रॅक्टिकलमध्ये निळा रंग जातच नाही

तिसरी_बेंच
बीएस्सी बायोकेम, तिसरं वर्ष. सक्सिनेट डिहायड्रोजनेजचं (एसडीएच) प्रॅक्टिकल बसत नाहीये. एन्झाइम, सक्सिनेट आणि मिथिलीन ब्लू (निळा रंग, एन्झाइम चाललं की तो जायला हवा) घालून नळी ३७ अंशांवर वॉटरबाथमध्ये ठेवली. तास होऊन गेला तरी निळीशार. शेजारच्या ग्रुपचं एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज, दुसरं एन्झाइम) त्याच कलेजीतून पहिल्या फटक्यात आलं! सोमवारी जर्नल सर्टिफाय करून घ्यायचंय. थिअरी सांगू नका, ती येते.

खडूस_काका
थिअरी येते तर अडलंय कुठे? कसली कलेजी, बफर कुठलं, पीएच किती, वर तेल घातलं का? काहीच लिहिलेलं नाही. आम्ही काय कुंडली मांडायची?

तिसरी_बेंच
बोकडाची, सकाळी आणलेली. फॉस्फेट बफर, ७.४. तेल कसलं?

लॅबकोट
सापडलं. लिक्विड पॅराफिन घाला. मिथिलीन ब्लूने हायड्रोजन घेतला की ते रंगहीन होतं, पण हवेतला ऑक्सिजन तो हिसकावून घेतो आणि पुन्हा निळं. वर सेंटिमीटरभर थर द्या आणि नळी हलवून बघायचा मोह आवरा.

खडूस_काका
तेल नसतं तरी तळाशी रंग उतरायला हवा होता, फक्त वरच्या बाजूला निळी कडी राहिली असती. अख्खी नळी निळी म्हणजे रोग वेगळा आहे. बाकी खरी मजा थुनबर्ग ट्यूबमध्ये. हवा पंपाने काढून टाकायची, मग तेलाची कटकटच नाही.

लॅबकोट
काका, आता कुठल्या कॉलेजात थुनबर्ग ट्यूब मिळते? तेल घाला, रंग जाईल. आमच्याकडे दर वर्षी जातो.

मृद्गंध
मिथिलीन ब्लू सोडा, टीटीसी वापरा (रंगहीन रसायन, एन्झाइम चाललं की लाल फॉर्माझान होतं). आम्ही मातीतलं डिहायड्रोजनेज त्यानेच मोजतो. २४ तास ३७ अंशांवर ठेवायचं, लाल फॉर्माझान मिथेनॉलमध्ये उतरवायचं आणि ४८५ नॅनोमीटरला रीडिंग. सेंद्रिय खत घातलेल्या प्लॉटचा लाल रंग डोळ्यांनीसुद्धा वेगळा कळतो.

तिसरी_बेंच
मला माती तपासायची नाहीये हो.

संकलन_केंद्र
आमच्याकडे दुधाची हीच परीक्षा, एमबीआरटी (मिथिलीन ब्लू रिडक्शन टेस्ट). १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लू, ३७ अंश. पाच तास निळं टिकलं तर दूध एक नंबर, अर्ध्या तासात पांढरं झालं तर जंतूंची जत्रा. तुम्हाला रंग जायला हवा, आम्हाला राहायला हवा.

सुमीची_आई
विषय निघालाच आहे तर विचारते. बाबांच्या रिपोर्टमध्ये एलडीएच ४८० आलंय, नॉर्मल २८० पर्यंत लिहिलंय. हे हार्टचं असतं ना?

लॅबकोट
ताई, एलडीएच शरीरात जवळजवळ सगळीकडे असतं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही, डॉक्टरांना दाखवा. इथे वेगळा धागा चालू आहे.

खडूस_काका
एलडीएचवरूनच विचारतो. तिसरी_बेंच, तुमचं 'एन्झाइम' म्हणजे नक्की काय? कलेजी वाटली, पुढे?

तिसरी_बेंच
बफरमध्ये होमोजिनाइझ केली, १०,००० ला १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं स्वच्छ लालसर पाणी घेतलं. खालचा गाळ बेसिनमध्ये. मॅन्युअलमध्ये 'सुपरनेटंट घ्या' असंच छापलंय, दोन्ही ग्रुपना तेच.

खडूस_काका
एन्झाइम बेसिनमध्ये गेलं.

एलडीएच पेशीच्या पाण्यात, म्हणजे सायटोसॉलमध्ये असतं, म्हणून ते वरच्या पाण्यात आलं. एसडीएच मायटोकाँड्रियाच्या (पेशीतली ऊर्जाघरं) आतल्या पडद्यात रुतलेलं. क्रेब्ज चक्रातलं (अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांची साखळी) पडद्यात बसलेलं हे एकटंच एन्झाइम, बाकीची मंडळी मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आतल्या द्रवात. हेच इलेक्ट्रॉन साखळीतलं कॉम्प्लेक्स दोन. एका हाताने सक्सिनेटचं फ्युमरेट करायचं, दुसऱ्या हाताने एफएडीवरचे (एन्झाइमला चिकटलेला वाहक) इलेक्ट्रॉन युबिक्विनोन या पुढच्या वाहकाला द्यायचे, एवढं काम. तुमचं मिथिलीन ब्लू ते मध्येच उचलतं.

लॅबकोट
१०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) की जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर)? मोठ्या मशीनचं आरपीएम आणि छोट्या मायक्रोफ्यूजचं आरपीएम सारखं नसतं.

खडूस_काका
कुठलंही धरा, बहुतेक मायटोकाँड्रिया तळाशीच बसणार. ६००-७०० जी ला फक्त न्यूक्लियस आणि न फुटलेल्या पेशी बसतात. तेवढंच फिरवून वरचं गढूळ द्रव घ्या. स्वच्छ दिसलं की शंका घ्या. किंवा सरळ मलमलच्या कापडातून गाळा. आणि जमलं तर कलेजीऐवजी बोकडाचं हृदय आणा, त्यात मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले. क्रेब्जने १९३७ मध्ये कबुतराच्या छातीचा स्नायू घेतला होता, उगाच नाही.

लॅबकोट
आणि तेल.

खडूस_काका
बरं, आणि तेल.

तिसरी_बेंच
आज कापडातून गाळून केलं. तळापासून रंग गेला, तेलाखाली दुधी पिवळट झालं. उकळलेल्या एन्झाइमची नळी निळीच. पण सक्सिनेट न घातलेली नळीही हळूहळू फिकट होतेय, आणि मॅलोनेटवालीचा (मॅलोनेट म्हणजे एसडीएचला अडवणारं रसायन) रंगसुद्धा गेला! ती निळी राहायला हवी ना?

लॅबकोट
सक्सिनेटशिवायची फिकट होते कारण कलेजीत स्वतःचं अन्न शिल्लक असतं. तुकडे वाटण्याआधी थंड बफरने दोन-तीनदा धुवा.

खडूस_काका
मॅलोनेट सक्सिनेटच्या जागेवरच बसतं, सक्सिनेट जास्त पडलं की हरतं. दोन्ही किती घातलं? कुठलं आधी? आणि बाटलीवर सोडियम मॅलोनेट लिहिलंय की मॅलॉनिक अ‍ॅसिड?