'एमी' बघितल्यावर तुमचं काय झालं? (अनुभव धागा)

एमी वाइनहाउस या ब्रिटिश गायिकेवरची 'एमी' ही डॉक्युमेंटरी (२०१५, दिग्दर्शक आसिफ कपाडिया) बघून कुणाकुणाला त्रास झालाय ते ऐकायचंय. रिव्ह्यू नकोत, ते ढीगभर आहेत, ऑस्करही मिळालंय फिल्मला. कुठे पॉज केलीत, कुणाबरोबर बघत होतात, नंतर गाणी ऐकवली का, असं काहीही लिहा. गाण्यातलं कळत नसलं तरी चालेल, मलाही कळत नाही.

माझ्यापासून सुरुवात. मैत्रिणीचा चौदावा वाढदिवस, घरगुती कॅमेरा, पोरी लॉलीपॉप चघळत हॅपी बर्थडे म्हणतायत आणि त्यातल्या एकीचा आवाज अचानक असा मोठ्या बाईसारखा लागतो की बाकीच्यांचं ऐकूच येत नाही. फिल्म सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती आणि मी बंद केली. शेवट माहीत होता ना! उरलेली दुसऱ्या दिवशी बघितली, दिवसाउजेडी.

---

मुंबई, एडिटिंग करतो

चांगला धागा. मी कामाच्या नजरेने बघायला बसलो होतो. कपाडियाने साधारण शंभर मुलाखती घेतल्या, पण बोलणारा माणूस खुर्चीत बसलाय आणि मागे पुस्तकांचं कपाट, असं एकदाही दिसत नाही, नुसते आवाज आहेत. चित्र सगळं जुनं फुटेज. आता गंमत बघा (गंमत कसली). पहिल्या भागातला कॅमेरा मित्रमैत्रिणींच्या हातात आहे, निक शिमान्स्की म्हणजे तिचा पहिला मॅनेजर, तोही विशीच्या आतबाहेरचा पोरगाच, तो गाडीत शूट करतोय, ही लेन्समध्ये तोंड घालून नकला करतेय, झोपेतून उठवलं म्हणून शिव्या घालतेय. मग हळूहळू कॅमेरा परक्यांच्या हातात जातो. तीच बाई, तेच डोळे, पण आता चेहऱ्यासमोर हात. फ्लॅशचा तो खटखट आवाज साउंडवाल्यांनी इतका पुढे आणून ठेवलाय की मी हेडफोन काढले. आणि तुम्ही ते फोटो बघतच असता, कारण फिल्मच त्यांची बनलीये. पापाराझींना शिव्या देत त्यांचंच फुटेज वापरलं असा आरोप होतो, मला तो पटत नाही, नाहीतर आपल्याला कळलंच नसतं की दाराबाहेर पाऊल टाकणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं.

जाता जाता, हा कपाडिया म्हणजे लंडनच्या हॅकनीत वाढलेला, भारतीय घरातला. त्याची २००१ ची फिल्म 'द वॉरियर' इरफान खानला घेऊन राजस्थानात शूट केलेली. ती मिळाली तर बघाच.

---

लंडनहून

आम्ही नॉर्थ लंडनमध्येच राहतो त्यामुळे पाहुणे आले की कॅमडन मार्केट ठरलेलं. तिथे मार्केटच्या स्टेबल्स नावाच्या भागात तिचा पुतळा आहे, २०१४ साली तिच्या वाढदिवशी म्हणजे १४ सप्टेंबरला बसवला. माणसाच्या उंचीचाच आहे, चौथरा वगैरे नाही, त्यामुळे लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मनगटात कुणी कुणी बांगड्या, रबरबँड, दोरे अडकवून गेलेलं असतं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ही कोण गं, केवढा तो अंबाडा. मी म्हटलं, गायिका होती आई, सत्ताविसाव्या वर्षी गेली. त्यांनी लगेच पर्समधला रुमाल काढला आणि पुतळ्याच्या गालावर काहीतरी चिकट लागलं होतं ते पुसून टाकलं. फिल्म त्यांना कधी दाखवली नाही. मी स्वतः बघितल्यावर मात्र तिचं घर होतं त्या कॅमडन स्क्वेअरकडून जाणं काही दिवस टाळलं.

---

पुणे, गाणं शिकते

माझ्यासाठी या फिल्ममध्ये दोन जागा आहेत, बाकी सगळं विसरले तरी चालेल.

एक, 'बॅक टू ब्लॅक'चं रेकॉर्डिंग. न्यूयॉर्क, २००६, तिचा प्रोड्युसर मार्क रॉन्सन, त्याचा स्टुडिओ. ती बूथमध्ये एकटी, आणि फिल्ममध्ये वाद्यं काढून घेतात, नुसता गळा उरतो. हे गाणं मी लग्नाच्या संगीतातसुद्धा ऐकलंय, लोक नाचत होते! इथे उघडा आवाज ऐकला तेव्हा कळलं की ही लयीच्या किंचित मागे मागे राहून गाते, शब्द रेंगाळवते आणि तरी समेला बरोब्बर हजर. आमच्या बाई तासन् तास हेच सांगतात, घाई करू नकोस, ताल कुठे पळून जात नाही. आणि गाणं संपल्यावर ती हेडफोनमधून अगदी सहज म्हणते की शेवटी जरा वाईटच वाटतं, नाही? जणू दुसऱ्याच कुणाचं गाणं आहे.

दुसरी जागा टोनी बेनेट या जुन्या अमेरिकन जॅझ गायकाबरोबरची. मार्च २०११, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. तोपर्यंत तिच्या नावावर पाच ग्रॅमी जमा झालेत (एकाच रात्रीत मिळालेले, २००८) आणि ही बेनेटसमोर थरथरतेय, परत परत थांबतेय, सॉरी म्हणतेय. लहानपणापासून ऐकलेला माणूस समोर उभा. तो ऐंशीच्या पुढचा म्हातारा इतक्या मायेने सांभाळून घेतो, घाई नाही, तू छान गातेयस. डायना वॉशिंग्टन या जुन्या जॅझ गायिकेचं नाव काढतो आणि हिचा चेहरा खुलतो. मला माझी पहिली मैफल आठवली. गुरुजी पहिल्या रांगेत, तानपुरा लागलेला आणि माझ्या तोंडाला कोरड. तिथे मी खूप रडले. तिच्या मरणाच्या सीनला नाही, या सीनला. चारच महिने उरले होते.

---

नाशिक

+१. बेनेट!! आणि आयर्लंडमधल्या डिंगल गावातलं ते छोटं चर्च, समोर मूठभर माणसं, काय गायलीये. तिला एवढंच हवं होतं हो, छोटी खोली आणि ऐकणारी माणसं. सुरुवातीच्या एका मुलाखतीत स्वतःच म्हणते की मी काही फेमस होणार नाही, झाले तर मला झेपणार नाही, वेड लागेल.

---

ठाणे

मला आई म्हणून बोलायचंय. एमी पंधराएक वर्षांची असताना आईला सांगते, मला मस्त डाएट सापडलंय, पोटभर खायचं आणि उलटून टाकायचं. आई जेनिस सांगते की तिला वाटलं, हे वयाचं खूळ आहे, जाईल. बास, तेवढंच वाक्य. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती आणि जेवण झालं की बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. त्या रात्री मी फिल्म अर्धी टाकून तिच्या खोलीत गेले. पुढचं सगळं इथे लिहीत नाही, तिचं खाजगी आहे, पण डॉक्टर चांगल्या भेटल्या आणि आता ती बरी आहे. लोक दारू आणि ड्रग्जबद्दलच बोलतात. बुलिमियाने (हाच तो खाऊन उलटून टाकायचा आजार) एमीचं शरीर आधीच पोखरलेलं होतं हे तिचा भाऊ सांगून थकला.

---

कोल्हापूर

थोडं उलटं बोलतो, चालेल ना? फिल्म भारी आहे पण बापाला व्हिलन केलंय. मिच वाइनहाउसने रिलीजच्या आधीच सांगितलं की हे दिशाभूल करणारं आहे, माझं वाक्य कापलंय, 'तिला त्या वेळी रिहॅबची गरज नव्हती' यातलं 'त्या वेळी' उडवलं. आता सेंट लुशिया बेटावर पोरगी जरा श्वास घ्यायला गेलेली असताना टीव्हीवाल्यांना घेऊन तिथे पोचणारा बाप मलाही आवडला नाही, त्याची बाजू घेत नाही. पण मेलेल्या मुलीच्या बापाला दोन तासांत निकाली काढणंही बरोबर नाही. २०२१ मध्ये बीबीसीने घरच्यांची बाजू मांडणारी फिल्म केली, जेनिसच्या तोंडून. तिला स्वतःला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, आठवणी निसटत चालल्यात म्हणून सांगून ठेवतेय. ती पण बघा, मग ठरवा.

---

(नाव-गाव नको)

वरच्या दादांशी सहमत. माझा धाकटा भाऊ दारूत गेला. घरचे काय करत होते, असं बाहेरून विचारणं फार सोपं असतं. एमीने शेवटी काही दिवस दारू सोडलेली, मग परत प्यायली. तपासात रक्तात १०० मिलीला ४१६ मिग्रॅ निघालं. गाडी चालवायची मर्यादा तिकडे ८० आहे, आपल्याकडे ३०. आमच्याकडेही असंच, सोडली होती म्हणून आम्ही निर्धास्त, आणि शरीराची सवय गेलेली असताना त्याने एका रात्रीत जुन्या हिशोबाने प्यायली. ज्यांच्या घरी कुणी नुकतीच सोडलीये त्यांनी हे लक्षात ठेवा म्हणून लिहिलं. फिल्ममध्ये बेलग्रेडच्या शोला लोक हुर्यो करतात तो भाग मी पुढे ढकलला, परत बघणार नाही.

---

नागपूर

सगळ्यांचं वाचून आज रात्री लावतोय. मी तिचं एकही गाणं नीट ऐकलेलं नाही, आधी काय ऐकू?

---

पुणे, गाणं शिकते

आधी 'फ्रँक', २००३ चा अल्बम, वीस वर्षांच्या मुलीचा जॅझ आहे, तो लोकांकडून राहूनच जातो. मग 'बॅक टू ब्लॅक' अख्खा, एका दमात. मग फिल्म. स्क्रीनवर गाण्यांचे शब्द येतात ते वाचत बघा. आणि हेडफोन लावा, शब्द फार मोकळे आहेत, घरात आईबाबा असतील तर स्पीकरवर नको.