आजारी माणसाला सोयीची शिफ्ट: हक्क की सहकाऱ्यांवर भार?

फोंड्याची_सून: गोव्यात वेर्ण्याच्या एका कंपनीत अकरा वर्षं पॅकिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी आमवात निघाला. पहाटे बोटं अशी आखडतात की हूक लावता येत नाही, नऊ-दहानंतर सुटतात. पहिल्या शिफ्टची बस साडेपाचला, म्हणजे हात सर्वांत वाईट असतात त्याच वेळी मी पट्ट्यावर उभी. दुपारच्या शिफ्टला हेच हात इतरांइतके चालतात. म्हणून कायम दुसरी शिफ्ट मागितली. सुपरवायझर म्हणाला, "मग सगळ्याच मागतील." माझ्या मते ही मेहेरबानी नव्हे. काम तेवढंच, फक्त घड्याळ सरकवायचं.

पहिली_शिफ्ट: ताई, दुखणं खोटं म्हणत नाही. पण तुमची पहाट कोणाच्या वाट्याला जाते? माझ्या. दोन शाळकरी पोरं, सासूची शुगर. मला कागद देणारा डॉक्टर नाही एवढंच.

डिचोलीकर: भांडण दोघींचं नाहीच. कंपनी माणसं मोजून ठेवते आणि तुम्ही एकमेकींची पहाट ओढता. माझे वडील सरकारी बसवर चालक होते, नजर गेली तर डेपोत टेबलावर बसवलं, पगार तोच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तेच आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, दुसरं पद द्यायचं, नसेल तर जादा पद निर्माण करायचं.

कुंडईचा_छापखाना: ते कलम सरकारी आस्थापनांना. आम्ही खाजगीवाले. माझ्याकडे आठ माणसं. जादा पद कुठून आणू? कटिंगवाल्याची कंबर गेली तेव्हा त्याला प्रूफ बघायला बसवलं, पण तेवढं काम दिवसाला तासभर. सहा महिन्यांनी तोच म्हणाला, हिशेब करा. मला अजून नीट वाटत नाही, पण दुसरं काय करणार होतो?

डिचोलीकर: आठ माणसांचं मान्य. वेर्ण्याची कंपनी आठ माणसांची नाही.

पहिली_शिफ्ट: रजा घ्या की मग. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे ना?

फोंड्याची_सून: पगार 21,000 च्या आत म्हणून आहे. आजारपणाचा लाभ वर्षाला 91 दिवस, तोही मजुरीच्या 70 टक्के. आमवात 91 दिवसांत जात नाही. आठवड्यातून एकदा गोळी घेते, दुसऱ्या दिवशी मळमळ, आणि तरी कामावर येते, कारण घरी बसलं की बोटं जास्तच धरतात.

पण तुमचं पहाटेचं म्हणणं लागलं. मी फक्त माझा हात बघत होते. आता अर्जात "कायम" काढून "सहा महिने, मग पुन्हा तपासणी" लिहिते. आणि गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-पानांच्या) बाजारापायी दुसरी शिफ्ट कोणालाच नको असते, ती सगळी माझी. रविवारचीही.

पहिली_शिफ्ट: रविवारची नको, त्या दिवशी ओव्हरटाइम मला लागतो. चवथीची चालेल. लेखी द्या मात्र.